सुनीती कर्वे, अपूर्ण

पापाकुरा स्टेशन सुटून टाकानिनी यायच्या आत मी नापास झाले. सकाळची सव्वासातची गाडी, खिडकीजवळची जागा, मांडीवर लॅपटॉप, आणि पडद्यावर सरळ लिहिलेलं: कर्वे, सुनीती जगदीश. प्रवेश दोन हजार चौदा. ओटाहुहु शाखा. शिक्षण अपूर्ण. मला आधी हसूच आलं. सुनीती जगदीश कर्वे म्हणजे मीच. जन्मतारीख माझी, मानुरेवाच्या त्या ओल धरलेल्या खोलीचा पत्ताही माझाच. फक्त शिक्षण अपूर्ण नव्हतं. त्याच शाखेतला डिप्लोमा मी दोन हजार सोळात चांगल्या मार्कांनी पूर्ण केला आणि त्याच्या जोरावर विद्यापीठाच्या नियोजन विभागात नोकरी मिळवली. तेव्हापासून नऊ वर्षं किती विद्यार्थ्यांनी शिक्षण पूर्ण केलं आणि किती जण मध्येच गळाले, याचा आकडा मीच काढते. तो आकडा वेलिंग्टनला सरकारकडे जातो, विद्यापीठांची क्रमवारी लावणाऱ्या परदेशी कंपन्यांना जातो, आणि वर्षातून एकदा जाहिरातीत झळकतो. आकड्यांच्या बाबतीत आमच्या मजल्यावर माझ्या चुका काढेल असा माणूस नाही. हे मी विनय बाजूला ठेवून सांगते, कारण ते खरं आहे.

तर असं असताना माझंच नाव गळालेल्यांच्या यादीत. ही यादी मी एरवी उघडली नसती. आमच्या कामात नावं लागत नाहीत, क्रमांक पुरतात. पण आदल्या दिवशी सिनाचं पत्र आलं होतं. सिना ओटाहुहु शाखेची प्रमुख. मी शिकत होते तेव्हा तिथे शिकवायची. सामोअन, उंच, मोठ्याने हसणारी बाई. आज अकराच्या बैठकीत तिची शाखा बंद करायची की नाही हे ठरणार होतं, आणि ठरणार होतं ते माझ्या तक्त्यावरून. दहा वर्षांत चारशे दहा विद्यार्थी आले, दोनशे एकाहत्तर पूर्ण करून गेले, म्हणजे सहासष्ट टक्के. सत्तरच्या खाली असेल ती शाखा बंद, असा नियम. सत्तरच का, तर पासष्ट फार ढिलं दिसतं आणि पंचाहत्तर फार कडक. हेही मीच सुचवलेलं. सिनाने तक्त्यावर वाद घातला नव्हता. किया ओरा सुनीती, असा इथला नमस्कार करून तिने एवढंच लिहिलं होतं की ह्या एकशे एकोणचाळीस जणांची नावं तू एकदा वाच, मग बैठकीला ये. सुनीती. अख्ख्या न्यूझीलंडमध्ये मला ह्या नावाने हाक मारणारी ती एकटी. दर पत्रात तेच नाव पाहून नऊ वर्षं मी मनातल्या मनात म्हणत आले की ह्या बाईला साधं माहिती अद्ययावत करणं जमत नाही, हिची शाखा काय सुधारणार.

सुनीतीची अस्मिता झाली ती दोन हजार चौदाच्या डिसेंबरात, चिंचवडच्या एका कार्यालयात, ताटातल्या तांदळांवर. शार्दूलने अंगठीने नाव कोरलं. त्याला अक्षर बरं काढता येत नाही, म्हणून मीच त्याचा हात धरून 'स्मि' पूर्ण केला आणि सगळे हसले. शार्दूलच्या आत्याचं नावही सुनीती. सासूबाई फार गोड शब्दांत म्हणाल्या होत्या की घरात दोन सुनीती कशाला, हाक मारली की घोळ होतो. मला वाईट वाटलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. चोवीस वर्षांची होते, नवा देश होता, नवीन नाव नव्या कपड्यांसारखं छान बसलं. पासपोर्ट बदलला, व्हिसा बदलला, एक सत्र बुडालं. परत आले तेव्हा काउंटरवरच्या मुलीने दोन्ही पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून पाहिले. पहिलं नाव वेगळं, मधलं वेगळं, आडनाव वेगळं. ती म्हणाली की जुन्या नोंदीत हे सगळं बदलत बसण्यापेक्षा तू नव्याने अर्जच कर, जुने विषय मी इकडे वळते करून देते, स्वीट ॲज, म्हणजे काही अडचण नाही. सरकारी विद्यार्थी क्रमांकसुद्धा नव्या नावाला नवा मिळाला. मी आभार मानून चॉकलेट दिलं होतं तिला. अस्मिता शार्दूल देवस्थळी शिकली, पास झाली, नोकरीला लागली. सुनीती कर्वे कुठे गेली, हे विचारायला मी कधी परत त्या काउंटरवर गेले नाही.

गाडी मानुरेवाला थांबली, दारं उघडली, थंडी आत आली. दोन मुली शाळेच्या गणवेशात माझ्या समोर बसल्या आणि एकाच फोनमध्ये डोकं घालून खिदळायला लागल्या. मला हसू येईना. कारण नोंद दुहेरी झाली तरी अशा जोड्या शोधून एक करायचा नियम आमच्याकडे आहे, आणि तो नियम माझा आहे. दोन हजार एकोणीस साली मी तो लिहिला, ब्रायरला फार आवडला, आणि ऑफिसात त्याला अस्मिताचा नियम असंच म्हणतात. ब्रायर म्हणजे माझी बॉस, आवाज कधीही न चढवणारी. जन्मतारीख तीच आणि पहिलं नाव तेच, तर माणूस तोच. आडनाव जुळलं नाही तरी चालेल. आडनावाला मी मुद्दाम सूट दिली होती. लग्न झालं की बायकांची आडनावं बदलतात हे इथल्या गोऱ्या पुरुषांना सुचलं नव्हतं, ते मी सुचवलं, याचा मला केवढा अभिमान. तेव्हा ब्रायरने एक प्रश्न विचारला होता. आत्ता, रेल्वेच्या खिडकीला टेकून, तो मला तिच्या श्वासासकट ऐकू आला. तिने विचारलं होतं, "पहिलं नाव तर कुणाचं बदलत नाही ना?" आणि मी, जिचं नाव तांदळात बुडवून बदललेलं, मी क्षणभरही न थांबता म्हणाले होते, "नाही. पहिलं नाव कसं बदलेल."

विसरले नव्हते मी. तसं म्हणून सुटता येणार नाही. मला लाज वाटली होती. त्या काचेच्या खोलीत, लोकरी स्वेटर घातलेल्या तिघांसमोर, ताट, तांदूळ, अंगठी, आत्याबाई हे सगळं इंग्रजीत कसं समजावायचं? ते माझ्याकडे सहानुभूतीने पाहतील, आणि ती सहानुभूती मला नको होती. मला नियम हवा होता, स्वच्छ, एका ओळीचा. तो मिळाला. सहा वर्षं चालला.

यादी करायची सवय मला कुठून लागली हे मला माहीत आहे. बाबा चिंचवडच्या एका शाळेत मुख्याध्यापक होते. फाटकावर पाटी होती: दहावीचा निकाल शंभर टक्के. लोक लांबून मुलं आणून घालायचे त्या पाटीकडे बघून. शंभर टक्के कसे येतात हे शिक्षकांच्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं. नववीत जी मुलं काठावर दिसतात त्यांच्या आईवडिलांना बोलावून प्रेमाने सांगायचं की ह्याला शाळेतून बसवून दडपण नको, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून परीक्षा देऊ दे. मुलं बाहेर गेली की शाळेच्या निकालातून गेली. मी स्वतः नववीत असताना एका रविवारी बाबा माझ्याशेजारी चहा घेऊन बसले आणि म्हणाले, तुझ्या वर्गात गणितात कोण कोण कच्चं आहे गं? मला किती मोठं वाटलं. वहीचं मागचं पान फाडून मी सात नावं लिहिली, सगळ्यांत कच्चं सगळ्यांत वर. वरून तिसरं नाव सुरुचीचं. सुरुची माझ्या बाकावर बसायची, माझ्या डब्यातली लसणाची चटणी खायची, आणि तोंडाने अशी शीळ घालायची की पीटीचे सर फसून मैदानाकडे निघायचे. जूनमध्ये बाक लावले तेव्हा ती नव्हती. मी कुणाला विचारलं नाही, कारण उत्तर माझ्या अक्षरात होतं. पुढे दहावीला आमच्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागला, मी बोर्डात आले, पेपरात फोटो आला. सुरुचीचं काय झालं ते मला आजतागायत माहीत नाही.

होमाय गेलं, पुहिनुई गेलं. मी नावं वाचायला लागले. आता मला काय शोधायचं ते माहीत होतं, आणि एकदा ते माहीत असलं की मी फार वेगाने शोधते. जन्मतारीख तीच, शाखा तीच, फोन किंवा पत्ता तोच, नाव मात्र अजिबात वेगळं. चिनी मुली, ज्या पहिल्या वर्षी स्वतःच्या नावाने आल्या आणि दुसऱ्या वर्षी एमी आणि ग्रेस होऊन शिकल्या. तीन सामोअन पुरुष, ज्यांना मधल्या काळात कुळाचा किताब मिळाला होता, आणि आता सगळे त्यांना त्या किताबानेच ओळखत. एकाने तर स्वतःचं नाव स्वतःच नव्याने ठेवलं होतं. आणि आमच्या बायका, कोल्हापूरच्या, नाशिकच्या, सुरतेच्या. आधी एक, मग दुसरी. माझ्यासकट एकवीस जण. सगळे पास झालेले, आणि सगळे नापासांच्या यादीतही बसलेले. मिडलमोरला मी हिशेब मांडला. एकवीस दुहेरी नोंदी वजा केल्या तर एकोणसत्तर पूर्णांक सात. मी परत मांडला. एकोणसत्तर पूर्णांक सातच आलं.

ओटाहुहुला गाडी जरा जास्त थांबली. स्टेशनबाहेर बसेस लागतात, आणि तिथे एका बसच्या अंगभर आमच्या विद्यापीठाची जाहिरात होती: शंभरातले अठ्ठ्याऐंशी इथे शिक्षण पूर्ण करतात. हसरी मुलगी, मागे समुद्र. तो अठ्ठ्याऐंशीही माझाच, त्याच नियमातून आलेला, म्हणजे तोही चुकलेला. ती बस वळून माझ्या डोळ्यांसमोरून गेली. इतकी वर्षं ती बस दिसली की मी सिद्धीला, माझ्या लेकीला, कोपराने ढोसून म्हणायचे, बघ, आईचा आकडा, आणि ती म्हणायची, "यू टोल्ड मी हीप्स ऑफ टाइम्स, आई."

शार्दूलला फोन लावला. तो आयटीतला, सहाला उठून कामाला बसलेला असतो. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला की हा साधा बग आहे, नियम दुरुस्त कर, आकडा नव्याने काढ आणि नवा तक्ता ठेव, कुणाला सांगायची काय गरज? एकोणसत्तर पूर्णांक सातचं काय, असं मी विचारलं. अजून थोडे संशयित असतील ना, तो म्हणाला. होते. चार होते. जन्मतारीख तीच, पत्ता वेगळा, फोन नाही. ते चार धरले की सत्तर पूर्णांक चार. शाखा वाचते, सिनाची नोकरी वाचते, माझा नियम आणखी हुशार ठरतो, आणि डिसेंबरात विभागाची प्रमुख म्हणून माझं नाव पुढे जाणार आहे ते तसंच पुढे जातं. कुणाचं काही बिघडत नाही. मी त्याला म्हटलं विचार करते, आणि फोन ठेवला.

विचार फार करावा लागला नाही. ते चौघे खरोखर गळालेले असू शकत होते. कुणाची आई आजारी पडली असेल, कुणाला वेअरहाउसमधली पाळी सोडता आली नसेल. त्यांना दुसऱ्या कुणाच्या पास होण्यात मिसळून टाकलं की ते यादीतून जातील. आकडा साफ होईल. मुलं कमी करून निकाल सुधारायची ही कला मला चांगली येते. चौदाव्या वर्षीच मी ती शिकले होते. ब्रिटोमार्टला, शेवटच्या स्टेशनवर, उतरले तेव्हा डोकं स्वच्छ होतं. मला माझ्या डोक्यावर भरवसा आहे. तो त्या दिवशीही होता.

अकराला खोलीत सातजण होते. सिना टेबलाच्या टोकाला बसली होती, समोर कागद नाही, काही नाही, हात नुसते एकात एक घातलेले. ब्रायरने तक्ता लावायला सांगितला. मी तक्ता लावला नाही. मी पडद्यावर दोन ओळी लावल्या, एकीखाली एक: कर्वे सुनीती, अपूर्ण, देवस्थळी अस्मिता, पूर्ण. जन्मतारीख एकच. कुणाला काही कळेना. ब्रायरने हळू विचारलं की ह्या दोघी कोण.

"दोन्ही मीच आहे," मी म्हणाले.

मग मी सांगितलं. ताट, तांदूळ, अंगठी, आत्याबाई, सगळं. इंग्रजीत ते मला वाटलं होतं तेवढं अवघड गेलं नाही. पाचसहा वाक्यांत झालं. सहानुभूतीने कुणी पाहिलं नाही. किताब मिळालेले तिघे म्हटल्यावर सिनाने फक्त मान हलवली, जणू तिला तीन नव्हे, तीस माहीत होते. मी म्हणाले की माझा नियम चुकीचा आहे आणि सहा वर्षांपूर्वी ह्याच खोलीत मला थेट विचारलं होतं तेव्हा मी खोटं बोलले होते. एका उपकुलगुरूंनी विचारलं की मग खरा आकडा किती. सगळे माझ्याकडे पाहत होते. एकोणसत्तर पूर्णांक सात तोंडात आलेलं होतं, आणि त्याला सत्तर म्हणणंही अगदी सोपं होतं. अशा वेळी सगळेच वर ढकलतात. मी म्हणाले की आकडा आज माझ्याकडे नाही. एकशे एकोणचाळीस माणसांना फोन करावे लागतील, तोवर ह्या तक्त्यावर कुणी काही ठरवू नये, आणि क्रमवारीवाल्यांना पाठवलेले आकडेही परत मागवून दुरुस्त करावे लागतील.

ब्रायरने ते लिहून घेतलं. मग फोन करायला सहा आठवडे मिळाले. सत्तरचा उंबरठा तसाच राहिला, हेही ठरलं. विभागप्रमुखाच्या जागेबद्दल ती बैठकीनंतर दारात बोलली, नेहमीच्याच मऊ आवाजात, की हे वर्ष आता त्या बोलण्याचं नाही. मी हो म्हटलं. लागलं मला ते. तीन वर्षांत मी त्या खुर्चीचा हात कुठे जरा सैल आहे हेसुद्धा पाहून ठेवलं होतं. सिना लिफ्टपाशी थांबली होती. मला वाटलं होतं ती मिठी मारेल. तिने नुसतं विचारलं, "तुझं जुनं नाव मी वापरते त्याचा तुला राग येतो का?" मी खरं सांगितलं, येत होता. ती मोठ्याने हसली आणि गेली.

दुपारी दीड वाजता मी कामाला बसले. सुरुवात स्वतःपासूनच करायची म्हणून माझ्या दोन्ही नोंदी एकत्र आणल्या. संगणक अशा वेळी एक प्रश्न विचारतो: ह्यातलं कोणतं नाव राहील? एकच निवडता येतं, दुसरं मग पुन्हा दिसत नाही. हजारो वेळा मी हे न बघता दाबलेलं आहे. आता बोट हलेना. मी फोन उचलला. भारतात सकाळचे सात वाजले होते. बाबा फिरून येऊन ओट्याशी चहा करत असतील.

बाबांनी आधी सिद्धीची चौकशी केली, मग इथल्या थंडीची. मी मध्येच तोडून विचारलं, "बाबा, नववीत मी तुम्हाला यादी दिली होती. त्यातली सुरुची पुढे पास झाली का?"

गॅस बंद केल्याचा आवाज आला. मला वाटलं त्यांना आठवणार नाही. वीस वर्षं झाली, ते आता शहात्तरचे.

"एकसष्ट टक्के," बाबा म्हणाले. "सातही पास झाले होते, सुनी. मी एकेकाचा नंबर मिळवून बघितला होता."

"मग?"

"मग काय. शाळेतूनच बसली असती तरी शंभरच राहिले असते."

हे त्यांनी वीस वर्षं एकट्याने सांभाळलं होतं, कुणी न विचारता. मला त्यांचा राग आला आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं, दोन्ही एकाच वेळी, आणि त्यातलं एक निवडायला कुणी सांगत नव्हतं. चहा गार होईल म्हणून मी फोन ठेवला. पडद्यावर प्रश्न तसाच होता. मी सुनीती निवडलं. ओळ एकदा पुसट होऊन परत आली: कर्वे, सुनीती जगदीश, शिक्षण पूर्ण. पगाराच्या कागदांवर मी अस्मिताच राहणार, घरीही, आणि ते मला आवडतंही. पण ती मुलगी दोन हजार चौदापासून दारात उभी होती, तिला आत घेणं भाग होतं.

मग यादीतलं पुढचं नाव घेतलं. त्या चार संशयितांपैकी पहिलं. प्रवेशाच्या वेळचा नंबर बंद होता, सिनाच्या ऑफिसातून दुसरा मिळाला. चार वेळा वाजला, मग एका बाईने उचलला. मागे लहान मूल रडत होतं, आणि कोण बोलतंय असं तिने जरा सावधपणेच विचारलं.

"किया ओरा," मी म्हणाले. "तुमचं आधीचं नाव काय होतं, ते विचारायला फोन केलाय. माझं सुनीती होतं."